ॲक्रिलिकचा दागिना हाताने बनवायचाय? आधी त्याच्या कडेकडे बघा

ॲक्रिलिकचे दागिने म्हटलं की बहुतेकांना लेझरने कापलेली चपटी रंगीत कानातली आठवतात, आणि ती छानच असतात, पण या मटेरियलमधून त्याच्या कितीतरी पुढे जाता येतं आणि ते सुद्धा घरच्या टेबलावर, करवत, कानस आणि पॉलिश पेपर एवढ्याच जोरावर. ज्यांनी आजवर कधी करवत हातात धरली नाही अशांसाठी हे लिहितेय. एक पेंडंट किंवा कानातल्यांची जोडी डोळ्यासमोर ठेवून वाचा, बांगडी, ब्रोच वगैरे पुढे येईलच.

माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती फिरतं, ती म्हणजे कड. बघा ना, शीटचा वरचा पृष्ठभाग कारखान्यातून आधीच आरशासारखा गुळगुळीत होऊन येतो, त्यात तुमचं काहीच नसतं. तुम्ही खऱ्या अर्थाने जे बनवता ते म्हणजे आकार आणि त्या आकाराची कड. प्रकाश तिथूनच बाहेर पडतो, अंगाला तीच लागते, आणि दागिना मन लावून केलाय की उरकलाय हे पण तिच्यावरूनच कळतं. म्हणून कडेला वेळ द्यायची तयारी असेल तरच पुढे वाचा, नसेल तर लेझरवाल्याकडून कापून घ्या, त्यात काही चूक नाही.

आधी मटेरियलशी ओळख

ॲक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट, थोडक्यात पीएमएमए. प्लेक्सिग्लास, पर्स्पेक्स, ल्युसाइट ही सगळी त्याचीच ब्रँडची नावं. प्लेक्सिग्लास हे नाव १९३३ साली जर्मनीत नोंदवलं गेलं, दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छतांसाठी हे शीट भरपूर वापरलं गेलं, आणि तुटलेल्या छतांच्या तुकड्यांमधून सैनिकांनी आपल्या माणसांसाठी छोटी छोटी हार्टची पेंडंट घडवली. म्हणजे हाताने केलेला ॲक्रिलिकचा दागिना ही काही आजची फॅशन नाहीये.

पुढे १९६० आणि ७० च्या दशकात युरोपातल्या काही दागिने कलाकारांनी ठरवून हे मटेरियल उचललं. दागिन्याची किंमत म्हणजे सोन्याचं वजन हे त्यांना मान्य नव्हतं. जर्मनीचे क्लाउस बुरी आणि ऑस्ट्रियाचे फ्रिट्झ मायरहोफर यांनी सोनं आणि रंगीत ॲक्रिलिक एकाच दागिन्यात शेजारी शेजारी बसवलं, ब्रिटनच्या डेव्हिड वॉटकिन्स यांनी सोन्याचे सांधे घालून ॲक्रिलिकचे मोठे नेकपीस केले. नंतर पीटर चँग (१९४४–२०१७) यांच्या रंगांनी भरलेल्या जाडजूड बांगड्या आल्या, त्यात टाकून दिलेल्या प्लास्टिकचे तुकडे सुद्धा असायचे. १९९९ मध्ये सुरू झालेला लंडनचा दागिन्यांचा ब्रँड टॅटी डिव्हाइन लेझरकट ॲक्रिलिक घेऊन लोकांपर्यंत पोचला. यांचं काम नेटवर शोधून फोटो मोठे करून नीट बघा, आणि प्रत्येक फोटोत कड कशी हाताळलीय ते बघा, एका संध्याकाळीत खूप शिकाल.

आता थोडे आकडे, कारण डिझाइन करताना ते रोज लागतात. ॲक्रिलिकची घनता (एका घन सेंटीमीटरचं ग्रॅममधलं वजन) साधारण १.१९, काचेची २.५ च्या आसपास आणि चांदीची १०.५. म्हणजे ४ सेंटीमीटर व्यासाची, २ मिमी जाडीची चकती ॲक्रिलिकमध्ये ३ ग्रॅमची होते, तीच चांदीत २६ ग्रॅमच्या वर जाते. कानात घालायला मोठ्ठा आकार हवा असेल तर ॲक्रिलिक का, याचं उत्तर इथेच मिळतं. पारदर्शक शीटमधून दिसणारा प्रकाश सुमारे ९२ टक्के आरपार जातो. आणि त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, १.४९ असल्यामुळे कडेतून आत शिरलेला किंवा फ्लुओरोसंट रंगाने आतच सोडलेला बराचसा प्रकाश दोन पृष्ठभागांमध्ये उसळ्या मारत कडेपर्यंत जातो आणि तिथून बाहेर येतो. फ्लुओरोसंट शीटची कड लाइट लावल्यासारखी पेटलेली दिसते ती यामुळेच, बॅटरी वगैरे काही नसतं.

शीट घेताना

दुकानात दोन प्रकार मिळतात, कास्ट आणि एक्स्ट्रुडेड. दिसायला सारखे, स्वभाव एकदम वेगळा. कास्ट म्हणजे साच्यात ओतून जमवलेलं, ते करवतीला आणि ड्रिलला नीट कापलं जातं, पॉलिश मस्त घेतं, लेझरने कोरलं तर पांढरं फ्रॉस्टेड दिसतं. एक्स्ट्रुडेड म्हणजे मशीनमधून दाबून काढलेलं, ते लवकर मऊ होतं, करवतीच्या दातांना चिकटतं आणि त्याला बारीक तडे जायची शक्यता जास्त. नवख्यांनी कास्टच घ्यायचं, यावर मी ठाम आहे. फक्त एक लक्षात ठेवा की कास्ट शीटची जाडी तंतोतंत नसते, ३ मिमी म्हणून घेतलेलं थोडं कमीजास्त भरतं, त्यामुळे खाचेत बसवायचं डिझाइन असेल तर आधी मोजून घ्या.

जाडी किती? कानातल्यांना २ मिमी, पेंडंट आणि ब्रोचला ३ मिमी, जाड अंगठी किंवा कोरीव कामाला ५-६ मिमी. मोठं शीट लगेच घेऊ नका, साइनबोर्ड करणाऱ्यांकडे किंवा लेझर कटिंगच्या जागी उरलेले तुकडे असतात, ते मागा, एका दागिन्याला हाताच्या पंजाएवढा तुकडा पुष्कळ झाला. आणि प्रत्येक तुकड्यावर कास्ट की एक्स्ट्रुडेड ते मार्करने लिहून ठेवा, नंतर ओळखणं कठीण जातं.

रंगांमध्ये सुरुवातीला पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक घ्या. अपारदर्शक शीट सोपं वाटतं पण त्यात प्रकाशाचा खेळ नाही, आणि मिरर शीटच्या मागचा थर इतका नाजूक असतो की ओरखडा पडला की काम संपलं. शीटवर जो कागद किंवा प्लास्टिकची फिल्म असते ती कापून आणि कड घासून होईपर्यंत काढायची नाही, तोच तुमचा ड्रॉइंग पेपर आणि तेच संरक्षण.

डिझाइन: मटेरियलला दुसरं काही व्हायला लावू नका

ॲक्रिलिकला हिरा किंवा सोनं बनवायला गेलात तर ते नेहमी नकलीच दिसणार. त्यापेक्षा विचारा की जे फक्त यालाच जमतं ते काय? मोठा आकार आणि तरी हलका, रंगावर रंग ठेवला की तयार होणारा तिसरा रंग, कडेवर साठणारा प्रकाश, आणि आरपार दिसणारी कातडी किंवा कपडा. हे शेवटचं फार कमी लोक लक्षात घेतात. पारदर्शक पेंडंटच्या मागे जे असेल ते त्या डिझाइनचाच भाग होतं, म्हणून पांढऱ्या कागदावर ठेवून रंग पसंत करू नका, तुकडा गळ्याशी धरून आरशात बघा, काळ्या कपड्यावर बघा, उन्हात बघा.

जाड कार्डपेपरवर आकार काढा, कापा, दोरा बांधून घाला आणि घरभर फिरा. मान वळवली की खांद्याला लागतं का, केसात अडकतं का, वाकलं की पुढे लोंबतं का, हे कागदाच्या मॉडेलमध्येच कळून जातं आणि शीट वाया जात नाही. अंगावर घालायची कला आहे ही, भिंतीवर टांगायची नाही, त्यामुळे शरीर हा डिझाइनचा अर्धा भाग समजा.

पहिला आकार कसा असावा? गोलसर, बाहेर फुगणाऱ्या रेषांचा. आत शिरणारे तीक्ष्ण कोपरे टाळा, कारण ॲक्रिलिकला तडा जायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा अशा आतल्या कोपऱ्यातूनच. कोपरा हवाच असेल तर तिथे आधी छोटं भोक पाडा आणि करवत त्या भोकापर्यंत आणा, ताण वाटला जातो. ३ मिमी पेक्षा बारीक मान किंवा दांडी ठेवू नका.

कापणं

सोनारी करवत लागेल, म्हणजे ती यू आकाराची फ्रेम आणि तारेसारखं बारीक ब्लेड. धातूच्या बारीक कामाला वापरतात त्यापेक्षा जरा मोठ्या दातांचं ब्लेड घ्या, नाहीतर भुसा दातांमध्ये अडकतो. ब्लेडचे दात खाली, मुठीच्या दिशेने हवेत, आणि ब्लेड इतकं ताणलेलं हवं की बोटाने छेडल्यावर टिंग असा आवाज आला पाहिजे. टेबलाच्या कडेला एक लाकडी फळी क्लॅम्पने बसवा, तिला मध्ये खाच पाडून घ्या, शीट त्या खाचेवर ठेवून कापायचं म्हणजे दोन्ही बाजूंना आधार मिळतो.

करवत उभी सरळ ठेवा, लांब आणि सावकाश हात मारा, जोर लावू नका. घाई केली की घर्षणाने ॲक्रिलिक तापतं, वितळतं आणि ब्लेडच्या मागे कापलेली फट परत चिकटून जाते, मग ब्लेड आतच अडकतं. ब्लेडला अधूनमधून मेण लावा, दर थोड्या वेळाने थांबा. वळण घेताना करवत जागच्या जागी वरखाली चालू ठेवून शीट हळूहळू फिरवायचं, ब्लेड पिळायचं नाही. रेषेच्या बाहेर अर्धा ते एक मिमी सोडून कापा, तेवढं कानसीला लागतं. ब्लेड तुटणारच, डझनाने आणून ठेवा.

कानातल्यांची जोडी करत असाल तर दोन तुकडे दुहेरी टेपने एकमेकांवर चिकटवून एकदमच कापा आणि एकदमच कानस मारा, दोन्ही अगदी सारखे होतात. टेप सोडवताना हळू सरकवत सोडवा, कटरने उचकटू नका.

आणि हो, डोळ्याला गॉगल, नाकाला मास्क, केस बांधलेले. बारीक पांढरी धूळ फुफ्फुसात जाऊ द्यायची नाही.

भोक पाडणं

सगळ्यात जास्त दागिने इथे मोडतात. आकार पूर्ण पॉलिश करून मग भोक पाडायला घेतलं आणि तडा गेला तर सगळी मेहनत जाते, म्हणून भोक आधी, फिनिशिंग नंतर. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर ठेवा, म्हणजे १.५ मिमी भोकाला ३ मिमी. खाली लाकडाचा तुकडा ठेवून शीट त्यावर घट्ट धरा किंवा क्लॅम्प करा, आधी १ मिमी चं ड्रिलचं बिट, मग हवं ते माप. स्पीड कमी, दाब कमी, दोन-तीन सेकंदांनी बिट बाहेर काढून भुसा झटका. बिट पलीकडे बाहेर पडताना सगळ्यात जास्त सांभाळा, ॲक्रिलिक ढलपा उडवतं ते तेव्हाच.

साध्या हातड्रिलने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या पिन वाइसने पण २ मिमी शीटला आरामात भोक पडतं, आणि नवख्यांना मी तेच सांगेन कारण हाताला सगळं जाणवतं.

कड: इथे थांबा, इथेच काम आहे

आधी सपाट कानस, एकाच दिशेने, पुढे ढकलताना दाब आणि मागे येताना उचलून घ्यायची. करवतीच्या खुणा पूर्ण जाईपर्यंत कानसच, पॉलिश पेपर घ्यायची घाई नको, कारण खोल खूण बारीक पेपरने कधीच जात नाही, ती फक्त जास्त चकचकीत खूण होते. कानस झाल्यावर स्टीलच्या पट्टीची किंवा जुन्या ब्लेडची पाठ कडेवरून ओढा, पातळ साल निघते आणि कड एकसारखी होते.

मग वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका तो बारीक. २४० पासून सुरुवात, मग ४००, ६००, ८००, १२००, २०००. पेपर काचेवर किंवा सपाट टाइलवर ठेवा, थोडं पाणी आणि साबणाचा थेंब, आणि दागिना उभा धरून कड पेपरवर घासा, यामुळे कड सपाट राहते. हातात पेपर धरून घासलं तर कड नकळत गोल होत जाते, ते पण सुंदर दिसतं पण तुम्ही ठरवून केलेलं असावं. दर वेळी पेपर बदलला की घासायची दिशा आडवी करा, मागच्या पेपरचे ओरखडे पूर्ण दिसेनासे झाले की मगच पुढचा. आणि मध्ये दागिना, हात, टाइल सगळं धुऊन घ्या, जाड पेपरचा एक कण जरी राहिला तरी १२०० वर पोचल्यावर भलामोठा ओरखडा उमटतो आणि परत ४०० ला जावं लागतं.

पाण्याने घासण्याचे दोन फायदे, धूळ उडत नाही आणि ॲक्रिलिक तापत नाही.

२००० नंतर प्लास्टिक पॉलिशची पेस्ट मऊ सुती कापडावर घेऊन घासा, किंवा छोट्या मोटरवर कापडी बफ लावून. बफवर एकाच जागी धरून ठेवलं तर क्षणात कड वितळून लाटा येतात, सतत हलवत राहा. काही जण बारीक ज्योतीने कड फिरवून चमकवतात, त्याला फ्लेम पॉलिश म्हणतात, दोन सेकंदात कड काचेसारखी होते हे खरं, पण त्या उष्णतेने कडेत ताण साठतो आणि नंतर स्पिरिट, परफ्यूम किंवा सॉल्व्हंट लागलं की तिथे जाळीसारखे तडे उमटतात. अंगावर घालायच्या वस्तूला परफ्यूम लागणारच, म्हणून दागिन्यासाठी मला ती पद्धत मुळीच पटत नाही.

सगळीच कड चकचकीत हवी असंही नाही. ४०० किंवा ६०० वर थांबलात तर मखमली मॅट पोत मिळतो, प्रकाश तिथे पसरून मऊ होतो. वरचा पृष्ठभाग मॅट आणि कड आरशासारखी, असं केलं तर सगळा प्रकाश जणू कडेवर गोळा झालेला दिसतो, माझं हे सगळ्यात आवडतं फिनिश आहे. शिवाय मॅट पृष्ठभागावर बोटांचे ठसे आणि रोजचे ओरखडे दिसत नाहीत. उलट मधोमध एक छोटा भाग पॉलिश ठेवून बाकी मॅट केलं तर तो खिडकीसारखा उघडतो.

शेवटी दोन्ही धारा, म्हणजे कड आणि पृष्ठभाग जिथे भेटतात त्या रेषा, ६०० च्या पेपरने अगदी हलक्या मोडा. डोळ्याला दिसणार नाही पण गळ्याला आणि कानामागे लगेच जाणवतं. मागची बाजू पण तितकीच नीट करा, घालणाऱ्याच्या अंगाला तीच लागून असते.

मागून कोरणं

पारदर्शक ३ किंवा ५ मिमी तुकड्याच्या मागच्या बाजूला टोकदार सुईने किंवा बारीक बिटने चित्र कोरा, रेषांमध्ये ॲक्रिलिक रंग भरा, वरचा जादा रंग ओल्या कापडाने पुसून टाका. पुढून बघितलं की चित्र आत तरंगतंय असं वाटतं. १९३० आणि ४० च्या दशकातले ल्युसाइटचे जुने दागिने अशा मागून कोरलेल्या कामासाठी ओळखले जातात. अक्षरं कोरायची असतील तर उलटी कोरायला विसरू नका. मोठमोठ्या मशीन नसताना एवढी खोली देणारं दुसरं तंत्र मला माहीत नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन दागिन्यांनंतर हे नक्की करून बघा.

वाकवणं

ॲक्रिलिक साधारण १०५ अंशाच्या आसपास कडकपणा सोडायला लागतं आणि कास्ट शीट १६० अंशाच्या जवळपास चामड्यासारखं मऊ पडतं, एक्स्ट्रुडेड त्याच्या थोडं आधी. वेगळा छोटा ओव्हन असेल तर उत्तम, ज्यात खायचं शिजतं तो वापरू नका. नाहीतर हीट गन, सतत फिरवत. २०० च्या पुढे गेलात तर आत बुडबुडे येतात, धूर होतो आणि हे मटेरियल पेटतं पण, त्यामुळे समोरून हलायचं नाही आणि खिडकी उघडी.

वाकवायच्या आधी फिल्म काढा आणि कडा पूर्ण पॉलिश करून घ्या, सपाट असताना जे पाच मिनिटांत होतं ते वाकल्यावर तासभर खातं. हातात जाड सुती हातमोजे. मऊ झालेला तुकडा लाकडी गोल साच्यावर किंवा बरणीवर हलक्या हाताने बसवा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा. साच्यावर कापड गुंडाळलं असेल तर त्याची वीण पण उमटते, हवी असेल तर मजा, नको असेल तर गुळगुळीत कापड घ्या. थंड पाण्याखाली धरू नका, ताण साठतो. वळणाची आतली त्रिज्या जाडीच्या निदान दुप्पट ठेवा.

या मटेरियलला स्मरणशक्ती असते म्हणतात ते खरं आहे, नीट नाही जमलं तर परत तापवा, तुकडा आपला आपण सपाट होतो, पुन्हा वाकवा. कास्ट शीट पहिल्यांदा तापलं की लांबी-रुंदीत साधारण २ टक्के आकसतं आणि थोडं जाड होतं, म्हणून अचूक माप हवं तिथे आधी एकदा तापवून गार करून मग कापा.

कडं करायचं असेल तर हिशोब असा: आतला व्यास ६० मिमी, शीट ३ मिमी, तर पूर्ण गोलाची पट्टी (६० + ३) × ३.१४, म्हणजे १९८ मिमी. पूर्ण बंद गोल नको, मनगट आडवं सरकून आत जाईल एवढी २५-३० मिमी फट सोडा, म्हणजे पट्टी १७० च्या आसपास. धातूचं कडं आपण ओढून उघडतो आणि दाबून बंद करतो तसं इथे चालत नाही, ॲक्रिलिक रोज ओढलं तर एक दिवस कट्ट करून तुटणार. फट पुरेशी आहे ना हे वायरच्या मॉडेलवर आधी बघून घ्या.

जोडणं

माझा सल्ला, पहिल्या काही दागिन्यांत गोंद वापरूच नका. सुपरग्लूने सांध्याभोवती पांढरट वाफ बसते आणि पारदर्शक तुकड्यावर ती लगेच दिसते. सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे डायक्लोरोमिथेनसारखं द्रव, दोन कडांमध्ये आपोआप शिरून त्यांना एकजीव करतं आणि जोड काचेसारखा होतो, पण त्याची वाफ आरोग्याला घातक आहे, बंद खोलीत तर मुळीच नको. ते शिकायचं असेल तर हवेशीर जागा, योग्य हातमोजे आणि ज्याला येतं त्याच्यासोबत. आणि वाकवलेला किंवा मशीनने तापलेला तुकडा सॉल्व्हंट लावायच्या आधी ८० अंशांवर निदान २ तास ठेवून सावकाश गार करा, आतला ताण निघून जातो, तडे जात नाहीत.

त्याऐवजी कड्या (तारेच्या छोट्या रिंगा), रिव्हेट (टोकं ठोकून पसरवायची धातूची खीळ), बारीक नट-बोल्ट, दोरा. दोन रंगांचे थर १.६ किंवा २ मिमी च्या पितळी बोल्टने जोडले की तो बोल्ट पण डिझाइनचा भाग होतो, आणि लपवाछपवी नसलेला सांधा नेहमी प्रामाणिक दिसतो. भोक बोल्टपेक्षा ०.२-०.३ मिमी मोठं ठेवा. कारण उष्णतेने ॲक्रिलिक पितळेच्या जवळजवळ चौपट प्रसरण पावतं, १० सेंटीमीटरचा तुकडा २० अंश तापमानवाढीत सुमारे ०.१४ मिमी लांब होतो, आणि भोक घट्ट असेल तर तो ताण जाणार कुठे? तडा. भरीव रिव्हेट ठोकताना तो भोकात फुगतो म्हणून नवख्यांनी पोकळ नळीचा रिव्हेट घ्यावा आणि टोकं हलक्या टिचक्यांनी पसरवावीत.

कानातल्याचा स्टड किंवा ब्रोचची पिन मागे चिकटवायची असेल तर दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी गोंद, आणि दोन्ही पृष्ठभाग आधी खरखरीत करून. पारदर्शक तुकड्यात मागचा गोंद पुढून दिसतो हे डिझाइन करतानाच लक्षात घ्या, तिथे मॅट पट्टा किंवा रंगीत ठिपका ठेवा.

हूक, पिना आणि तोल

कानात जाणारी तार टायटॅनियम, नायोबियम किंवा चांदीची घ्या, स्वस्त मिश्रधातूतल्या निकेलने बऱ्याच जणांचे कान सुजतात. एका कानाला ८-१० ग्रॅमच्या वर जाऊ नका. जोडीतले दोन आकार मुद्दाम वेगळे केले असतील तरी वजन सारखं ठेवा. ब्रोचची पिन मध्यावर न लावता वरच्या तिसऱ्या भागात लावा नाहीतर तो कपड्यावर पुढे झुकतो, आणि रुंद ब्रोचला दोन पिना. कडी उघडताना दोन पकडींनी आडवी पिळून उघडा, ओढून फाकवू नका, गोल बिघडतो.

लेझरबद्दल थोडं

लेझर म्हणजे हाताने केलेलं नाही असं मी मानत नाही, डिझाइन आणि फिनिशिंग तुमचंच असतं. सीओ२ (कार्बन डायऑक्साइड वायूचा) लेझर लागतो, घरगुती निळा डायोड लेझर पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ आरपार निघून जातो. कापताना रेषेचा ०.१ ते ०.२ मिमी भाग जळून जातो, एकात एक बसवायचे तुकडे असतील तर फाइलमध्ये तेवढी भर घाला. शीट पीव्हीसी नाही याची खात्री करून घ्या, पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो आणि मशीनही गंजतं. लेझरची कड आपोआप चकचकीत येते पण तिच्यातही ताण असतो आणि धार तीक्ष्ण असते, म्हणून धारा मोडायचं आणि ८० अंशांवर ठेवायचं काम इथे पण करायचंच.

घालून बघा, मग द्या

दागिना तयार झाला की कुणाला द्यायच्या किंवा विकायच्या आधी स्वतः दिवसभर घाला. फोनवर बोला, कपडे बदला, आडवं पडा. कुठे टोचतं, कुठे उलटं फिरतं, कुठे आवाज करतं ते टिपून ठेवा आणि पुढचा तुकडा कापायच्या आधी कागदी मॉडेल बदला. पेंडंट सारखं उलटं होत असेल तर बहुतेक वेळा भोक फार खाली असतं किंवा एकाच कडीवर लटकवलेलं असतं, वरच्या बाजूला दोन भोकं पाडली की स्थिर राहतं.

सोबत निगा राखायची चिठ्ठी द्या: परफ्यूम, हेअर स्प्रे, सॅनिटायझर आधी, ते पूर्ण वाळल्यावर मग दागिना. पुसायला मऊ ओलं कापड आणि साधा साबण, स्पिरिट किंवा थिनर कधीच नाही. इतर दागिन्यांसोबत एका डबीत टाकू नका, प्रत्येकाला वेगळी मऊ पिशवी. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, वाकवलेला तुकडा फार तापला तर सरळ व्हायला बघतो आणि फ्लुओरोसंट रंग उन्हाने फिके पडतात. बारीक ओरखडा पडला तर फेकू नका म्हणावं, परत आणून द्या, २००० चा पेपर आणि पॉलिशने तो निघतो.